फाटकावरचा सुभेदार

सरकारला नावे ठेवायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, एखादे धोरण खरोखर फळाला आले तरी ते आपल्या लक्षात येत नाही. माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचेच घ्या. सियाचीनच्या पायथ्याशी, तवांगच्या रस्त्यावर, राजस्थानच्या वाळूत पंधरा-सतरा वर्षे तावून सुलाखून निघालेला माणूस आज वाकडला, हिंजवडीला किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गृहसंकुलाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला आहे. जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोरांची नावे, गाड्यांचे नंबर आणि फ्लॅटचे क्रमांक तो सुवाच्य अक्षरात वहीत उतरवतो. आपल्या पिझ्झ्याची नोंद तोफखान्यातल्या माणसाकडून करून घेण्याचे भाग्य फार थोड्या समाजांच्या वाट्याला येते. ते आपल्याला लाभले आहे, आणि त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिले पाहिजे.

या व्यवस्थेची पहिली खुबी म्हणजे तिने निवडलेली वेळ. सैन्य तरुण राहावे म्हणून शिपायाला पस्तिशी-सदतिशीच्या सुमारास घरी पाठवतात. हवालदार किंवा नायब सुभेदार झालेला माणूस चाळीशी ओलांडतो, इतकेच. देशभरात वर्षाला साधारण ६० हजार सैनिक असे पेन्शनवर येतात. बाकीचा नोकरदार अठ्ठावन्न-साठीला घरी बसतो तेव्हा त्याची मुले मार्गाला लागलेली असतात, घराचे हप्ते फिटलेले असतात. त्याच्यासाठी राज्याने काही करायचे म्हटले तरी करण्यासारखे उरत नाही. सैनिक मात्र ऐन भरात हाती येतो. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, आईवडील औषधांवर, गावाकडच्या घराचा स्लॅब पडायचा राहिलेला. पेन्शन असते, पण ती शेवटच्या पगाराच्या निम्मी असते, आणि खर्च निम्मा होत नाही. अशा माणसाला कामाची निकड असते, आणि निकड असलेला माणूस पगाराची घासाघीस करत नाही, बारा तासांच्या ड्युटीबद्दल कुरकुरत नाही. कंत्राटदाराच्या दृष्टीने याहून सोयीचे वय सापडणार नाही.

राज्य काही करत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी गट क मध्ये १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के जागा राखीव आहेत. सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांत हेच आकडे साडेचौदा आणि साडेचोवीस होतात. त्यात युद्धात अपंगत्व आलेल्या जवानांचा आणि धारातीर्थी पडलेल्यांच्या कुटुंबीयांचा वाटाही धरलेला आहे. महाराष्ट्राने गट क आणि गट ड साठी १५ टक्के समांतर आरक्षण ठेवले आहे. केंद्राच्या भरतीत सैन्यातली सेवा वयातून वजा होते आणि वर तीन वर्षांची सवलत मिळते. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला, तांत्रिक स्वरूपाची पदे वगळता, पदवीधराच्या बरोबरीने उभे राहता येते. कागदावर याहून उदार होणे कठीण आहे.

कागदावर दाखवलेले औदार्य प्रत्यक्षात पुन्हा दाखवले पाहिजे, असा हट्ट आपल्या प्रशासनाने धरला नाही, यात त्याची परिपक्वता दिसते. जून २०२१ अखेरची, केंद्राच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडे जमा झालेली आकडेवारी या दृष्टीने वाचनीय आहे. गट क मध्ये दहाच्या जागी प्रत्यक्षात सुमारे १.३ टक्के माजी सैनिक होते, आणि गट ड मध्ये विसाच्या जागी सुमारे २.७ टक्के. हे चित्र ७७ पैकी ज्या ३४ खात्यांनी माहिती पुरवली तेवढ्यांचेच आहे. उरलेल्या ४३ खात्यांचा संयम तर आणखी वाखाणण्याजोगा. कमी भरले असे सांगून सैनिकांना दुःख द्यायचे आणि जास्त भरले असे सांगून इतर खात्यांना लाजवायचे, या दोन्ही गोष्टी त्यांनी कटाक्षाने टाळल्या.

शिवाय केंद्राच्या व्यवस्थेत माजी सैनिकाची न भरलेली जागा पुढच्या वर्षाकडे ओढली जात नाही. उमेदवार मिळाला नाही, जागा दुसऱ्या कोणाला गेली, हिशेब मिटला. दुसऱ्या कुठल्याही प्रश्नात अनुशेष साठत जातो, मग तो भरून काढा म्हणून निवेदने, धरणी, घेराव सुरू होतात. इथे प्रत्येक वर्षाची पाटी कोरी. सैनिकांच्या वतीने मोर्चा निघण्याची भीती तशीही फारशी नाही. हुकूम ऐकायचा, पुढच्या हुकमाची वाट पाहायची, ही सवय आपणच त्यांना सतरा वर्षे लावलेली आहे.

या एकूण सुसंगतीत बँकांनी तेवढा घोळ घातला. त्याच आकडेवारीत १३ सरकारी बँकांनी गट क मध्ये सुमारे ९ टक्के आणि गट ड मध्ये २१ टक्क्यांहून अधिक माजी सैनिक असल्याचे दाखवले आहे. म्हणजे ठरवलेल्या साडेचोवीसच्या त्या जवळपास पोचल्या. बँकांना जे जमते ते रेल्वेला, टपाल खात्याला, मंत्रालयांना का जमू नये, असा अप्रिय प्रश्न त्यामुळे उगाच उभा राहतो. त्यातल्या त्यात समाधान एवढेच की, बँकेतही आपल्याला तो बहुधा दाराशीच भेटतो, खांद्याला बंदूक लावून.

‘उमेदवार मिळाला नाही’ हे कारण आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यामागे फार कौशल्य आहे. माणूस अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. पुस्तक मिटले ते तेव्हाच. आता पस्तिशीनंतर तो ज्या परीक्षेला बसणार आहे, तिथे त्याच्या शेजारच्या बाकावर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तीन वर्षे काढलेला तेवीस वर्षांचा मुलगा आहे. जागा राखीव असली तरी किमान गुण राखीव नसतात. लिपिक व्हायचे तर मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द, त्याचे शासकीय प्रमाणपत्र, शिवाय संगणकाची परीक्षा. सिग्नल्समध्ये रात्रभर बर्फात बसून ज्याने सांकेतिक संदेश बिनचूक पाठवले, त्याला टंकलेखन येते की नाही हे कळायला दुसरा मार्ग कोणता? कागद हवाच. ज्यांच्याकडे तो नाही ते अपात्र ठरतात, जे अपात्र ठरतात ते मिळाले नाहीत असे लिहिले जाते, आणि त्या फाइलीत एकही शब्द खोटा नसतो.

सैन्यातल्या कामांची यादी पाहिली की या व्यवस्थेबद्दलचा आदर वाढतो. सैनिक म्हणजे बंदूक, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तिथे गाड्यांचे मेकॅनिक असतात, रडार आणि जनरेटर सांभाळणारे असतात, हजारो वस्तूंचा हिशेब ठेवणारे भांडारपाल असतात, पूल बांधणारे, पाण्याची लाइन टाकणारे, शंभर माणसांचा स्वयंपाक अर्ध्या तासाच्या सूचनेवर उभा करणारे असतात. आणि नर्सिंग असिस्टंट असतात. हा माणूस सैनिकी रुग्णालयात शिकलेला, मग एखाद्या बटालियनबरोबर चौकीवर राहिलेला. तिथे डॉक्टर एक, तोही कधी खालच्या छावणीत. सुरुंगावर पाय पडलेल्या जवानाचे रक्त थांबवणे, शीर सापडत नसताना सलाइन लावणे, हेलिकॉप्टर येईपर्यंत माणूस जागा ठेवणे, हे त्याने केलेले असते. एकदा नव्हे, नोकरीभर. तो आपल्या तालुक्यात परत येतो. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्यात पदे रिकामी आहेत, बाहेर पायरीवर बाळंतीण बसलेली आहे. त्याच्याकडे परिचर्या परिषदेच्या नोंदणीचा कागद नसेल तर त्याने तिच्या हाताला सुई लावू नये, हे योग्यच आहे. जनतेच्या जिवाशी खेळ नको. सैनिकांच्या जिवाशी तो इतकी वर्षे जे करत होता तो वेगळा विषय. त्या केंद्राच्या आवारात रात्रपाळीला पहारेकरी लागतो, आणि त्या जागेसाठी मात्र तो शंभर टक्के पात्र असतो. डिस्चार्ज बुकात वर्तणूक ‘अनुकरणीय’ अशी नोंद आहे.

म्हणजे शेवटी सगळ्या वाटा फाटकाशी येतात. इथे राज्याने आणि बाजाराने हातात हात घालून काम केले आहे. माजी सैनिकांसाठी स्थापन झालेले आपले महामंडळ, पुण्यातले ‘मेस्को’, सरकारी-निमसरकारी आस्थापनांना सुरक्षारक्षक पुरवते. दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनेत सुरक्षा एजन्सी चालवायला मिळते ती निवृत्त अधिकाऱ्यांना, आणि तिच्यात रक्षक म्हणून लागतात निवृत्त जवान. सैन्यातली उतरंड नागरी जीवनात जशीच्या तशी टिकून राहावी यासाठी घेतलेली ही काळजी हृद्य आहे. साहेब साहेबच राहतो, जवान जवानच राहतो. बदलतो फक्त शत्रू. पूर्वी तो सीमेपलीकडे असायचा, आता तो दुसऱ्याच्या जागेवर गाडी लावून जातो.

या योजना वाईट आहेत असे कोणाचे म्हणणे नाही. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटतात. आपले कौतुक एवढ्यासाठीच की, त्यापलीकडे माणसाला आणखी काही येत असेल, ही शंका कुणाच्या मनाला शिवू दिली गेली नाही.

मोजमापाच्या बाबतीत राज्य ढिसाळ आहे असा आरोप मात्र खोटा ठरतो, आणि त्याचा पुरावा दरवर्षी ७ डिसेंबरला मिळतो. १९४९ पासून हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याला निधी संकलनाचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते. ते रुपयांत असते. कोणत्या जिल्ह्याने किती टक्के गाठले याची नोंद होते, उद्दिष्ट ओलांडणाऱ्यांचा सत्कार होतो, खात्याखात्यांना पत्रे जातात, शाळेतल्या मुलांच्या खिशाला झेंडे लागतात. हा निधी वीरपत्नींच्या, अपंग जवानांच्या, सैनिकांच्या मुलांच्या वसतिगृहांच्या उपयोगी पडतो, आणि तो द्यायलाच हवा. पाहण्यासारखी गोष्ट अशी की, ज्या कार्यालयाने लिपिकाच्या पंधरा टक्के जागांपैकी किती भरल्या याचा कागद काढलेला नसतो, त्याच कार्यालयाने ध्वजनिधीचे उद्दिष्ट एकशे दहा टक्के पूर्ण केल्याचे प्रशस्तिपत्र भिंतीवर लावलेले असते. देणगीदार मोजायला सोपे असतात. हक्कदार मोजायला गेले की ते आणखी काहीतरी विचारतात.

गावाकडेही कृतज्ञता कमी नाही. ग्रामपंचायतीने घरपट्टीत सूट दिली आहे. नोकरी नाही म्हणून घर बांधून झाले नसेल तर सूट कशावर, हा तपशिलाचा भाग. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय आहे. जुनी माणसे अजून त्याला सोल्जर बोर्डच म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून ही परंपरा चालत आली आहे. तिथले अधिकारी स्वतः सैन्यातून आलेले असतात, बहुतेक जण मनापासून काम करतात, वीरपत्नीची अडकलेली पेन्शन सोडवण्यासाठी पत्रामागून पत्रे लिहितात. नोकरीसाठी नाव नोंदवायला आलेल्याला ते खुर्ची देतात, चहा देतात, डिस्चार्ज बुकाची प्रत ठेवून घेतात. फक्त नोकरी त्यांच्या हातात नसते. ती ज्यांच्या हातात आहे त्या खात्यांना त्यांनी हुकूम करावा, असा अधिकार त्यांना देण्याची चूक आपण केलेली नाही.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण मारले गेले. ब्रिटिशांनी त्यांच्या स्मरणार्थ दगड बसवला, तो अजून आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी आहे. तिथेही घराघरांत फौजेचे कपडे. शंभर वर्षांहून अधिक काळ ही गावे एका बाजूने पोरे पाठवत आहेत आणि दुसऱ्या बाजूने पेन्शनर परत घेत आहेत. परत आलेल्यांसाठी तालुक्याला एखादी कार्यशाळा, एखादा प्रशिक्षणवर्ग, एखादी भरतीपूर्व शिकवणी उभी करून ही पुरातन लय बिघडवावी असे आपल्याला वाटले नाही. स्मारके, स्वागतकमानी आणि मिरवणुका मात्र आपण मनापासून केल्या. मिरवणुकीत आपण नाचलोसुद्धा.

भविष्याची सोय तर याहून विचारपूर्वक झाली आहे. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यातून जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख आणि निरोप. पेन्शन नाही. या मुलांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही, असे तेव्हाच स्पष्ट करण्यात आले. वरवर हे कठोर वाटेल, पण आकडेवारीच्या अंगाने पाहावे. माजी सैनिकांच्या राखीव जागा भरल्या जात नाहीत ही ज्यांची तक्रार होती, त्यांची तक्रार मुळापासून मिटवायची तर माजी सैनिकच कमी निर्माण करणे, हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे. बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के जागा देण्याचे तेव्हा जाहीर झाले. त्याच दलांत माजी सैनिकांसाठी आधीपासून १० टक्के जागा होत्याच, आणि २०२१ च्या त्या आकडेवारीत गट क मध्ये प्रत्यक्षात अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरलेल्या होत्या. तेव्हा जागा शिल्लक नाहीत अशी सबब कोणाला सांगता येणार नाही. जागा भरपूर शिल्लक आहेत. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरू लागतात. मुले तेव्हा बावीस ते सत्तावीस वर्षांची असतील, आणि आपल्या गृहसंकुलांना दोन फाटके असतात.

आपल्या वाट्याचे श्रेय आपणही नाकारू नये, कारण हे सारे नुसत्या सरकारला झेपणारे नव्हते. संकुलाची सभा भरते तेव्हा सुरक्षा एजन्सीचे दर कमी करा असा ठराव आपणच मांडतो, आणि त्याच सभेत रक्षक ‘एक्स-सर्व्हिसमन’च हवेत असा आग्रहही आपणच धरतो. कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात बसलेला आपलाच भाऊ भांडारपालाच्या जागेसाठी आलेला अर्ज पाहतो, ‘कंपनीचा अनुभव नाही’ असा शेरा मारतो आणि तोच अर्ज सुरक्षेकडे पाठवतो. इतके करूनही आदरात आपण कसूर करत नाही. त्याला आपण सुभेदारसाहेब म्हणतो. दिवाळीला चिवड्याची पिशवी देतो. २६ जानेवारीला ध्वजाची घडी घालून दोरी बांधणे त्यालाच येते, म्हणून पहाटे त्यालाच बोलावतो. गाठ अशी बसवावी लागते की एका झटक्यात ध्वज उघडून फुले खाली पडली पाहिजेत. मग अध्यक्ष दोरी ओढतात. फुले पडतात. सलामी त्याची सगळ्यांत ताठ असते, हे सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. भाषणे सुरू झाली की अध्यक्ष हळूच सांगतात, ‘सुभेदारसाहेब, बाहेर गाड्या अडकल्यात, जरा बघा ना.’ तो ‘जी साहेब’ म्हणतो आणि जातो.

तेव्हा एक कळकळीची विनंती. जिल्हा परिषद, महानगरपालिका, तलाठी, पोलीस अशा भरतीच्या जाहिराती निघतात; त्यातल्या तक्त्यात ‘माजी सैनिक’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यातल्या किती जागांवर शेवटी माजी सैनिक रुजू झाले, आणि उरलेल्या कोणत्या कारणाने दुसरीकडे गेल्या, हे माहितीच्या अधिकारात कोणत्याही नागरिकाला विचारता येते. सैनिक असावे लागत नाही. वाचकांनी कृपया असे अर्ज करू नयेत. एका जिल्ह्यातून दहा अर्ज आले तरी कुणाला तरी ते आकडे पहिल्यांदा जमवावे लागतील, आणि जमवल्यावर त्यांच्याखाली सही करावी लागेल. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, आणि उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.